चिंधीला नेमकं काय झालंय

चिंधीला काय झालंय हे सांगायला भिलाईत कोणी मागे हटत नव्हतं. शेजारची आंध्रातली बाई म्हणे, दृष्ट लागली. समोरचे सरदारजी म्हणत, लाडानं बिघडली आहे, दोन धपाटे द्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बंगाली आजीबाईंच्या मते सगळा दोष जंतांचा. पोलादाचा कारखाना उभारायला सारा हिंदुस्थान इथं लोटला होता आणि येताना प्रत्येकानं आपल्या गावचं शहाणपण गाठोड्यात बांधून आणलं होतं. सल्ल्याला रेशनकार्ड लागत नाही, त्यामुळे तो मुबलक मिळायचा.

चिंधीची आई मथुरा सगळ्यांचं ऐकून घ्यायची. ती भंडाऱ्याकडची, धानाच्या गावातली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण बाई खुळी नव्हती. अडचण एवढीच, की समोरचा माणूस ठासून बोलला की तिला ते खरं वाटायचं, आणि दुसरा त्याच्या उलट तितकंच ठासून बोलला की तेही खरं वाटायचं. संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्यात सगळ्याचा काला होऊन जायचा.

नवरा पुंडलिक कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होता. कारखान्याचे पाये खणले जात होते तेव्हा तो गावाहून माती वाहायला आला, आणि भट्ट्या पेटल्या तेव्हा कायम झाला. रुआबांधा वस्तीच्या अंगाला त्यांना क्वार्टर मिळालं. खोली, स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणात नळ. आयुष्यभर विहिरीवर रांग लावलेल्या मथुराला त्या नळाचं इतकं अप्रूप होतं की सुरुवातीला ती उगाचच तो उघडून बघायची.

चिंधी सहाव्या वर्षात होती. टाचा कधी टेकवायची नाही, चवड्यांवर चालायची. खेळणी म्हणाल तर डब्यांची झाकणं. ती ओळीनं मांडायची, मग एकेक उचलून जमिनीवर गरगर फिरवायची आणि झाकण थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची. घरात पाहुणा येवो की आग लागो. हाक मारली तर मान वळायची नाही. पण स्वयंपाकघरात गुळाच्या डब्याला नुसतं बोट लागलं की अंगणातून हजर. पाण्याचा माठ जागचा हातभर सरकला तर भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. कारखान्याच्या पाळीचा भोंगा झाला की कानांत बोटं घालून दाराआड. आणि दूध हवं असलं की म्हणायची, "चिंधे, दूध घेतं का व?" अगदी मथुराच्या सुरात, मथुराच्याच हेलकाव्यानं. स्वतःला 'मी' म्हणतात हे काही तिला कळलेलं नव्हतं.

पोर देखणी होती, पण हे त्या घरात कोणी बोलायचं नाही.

त्याला कारण होतं. चिंधी हे नाव कोणी हौसेनं ठेवत नाही. तिच्याआधी मथुराला दोन लेकरं झाली होती, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांची नावं चांगली ठेवली, बारशाला गावजेवण घातलं, पायांत वाळे घातले. मुलगा चालायला लागला आणि गेला. मुलगी तर चांगली सहाव्या वर्षात येऊन, आईच्या मागे पाटी घेऊन शेतावर जायला लागल्यावर तापात गेली. तिसरी झाली तेव्हा पुंडलिकची थोरली बहीण वच्छला बाळंतपणाला आली. वच्छलाचा नवरा रेल्वेत, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत तिचं बिऱ्हाड, आणि जिभेवर तिचा ताबा असा कधी नव्हताच. तिनं मथुराच्या हातातून पोर घेतली आणि नेऊन उकिरड्यावर ठेवली. मग सुपात घालून ओढत घरात आणली आणि म्हणाली, "ही आपली नाई. ही उकिरड्यावर सापडली. चिंधी हाय."

लेकरं नेणाऱ्या सटवाईनं पाहावं आणि नाक मुरडून पुढं जावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. नियम कडक होते. पोरीला नवं कापड घालायचं नाही, मागून आणलेलंच घालायचं. पोटाशी धरायचं नाही, मुका घ्यायचा नाही, कौतुकाचा शब्द काढायचा नाही. कोणी चांगलं म्हटलं तर आपण वाईट म्हणायचं. आणि हे आपण मुद्दाम करतो हे परक्याला सांगायचं नाही, कारण सांगितलं की सुटलं. थोरली सहाव्या वर्षात गेली होती, म्हणून सातवं लागेपर्यंत हे सगळं पाळायचं. मथुरानं एकदा भीत भीत विचारलं होतं, पोर झोपली असताना मुका घेतला तर चालतो का. वच्छला म्हणाली, "तू झोपली म्हणून सटवाई झोपते का?"

मथुरानं पाळलं. दोन लेकरं मातीत घातलेली बाई, तिला नियम मोडायची हिंमत कुठून येणार? पोरीला दूध पाजायचं ते भिंतीकडे बघत. आंघोळ घालायची ते भांडं घासल्यासारखी. छाती भरून यायची तेव्हा ती उठून अंगणात जायची आणि नळ सोडून उभी राहायची. या पोरीवर तिचा इतका जीव होता की त्याचीच तिला भीती वाटायची.

पोर बोलेना, बघेना, तेव्हा डॉक्टर सुरू झाले. पहिल्यांदा कानाचे. त्यांनी चिंधीच्या मागे उभं राहून थाळी वाजवली. चिंधी हलली नाही. डॉक्टर म्हणाले, बहिरी आहे. मथुरानं गुळाच्या डब्याचं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, मग बहिरी नसेल.

दुसरे लहान मुलांचे. त्यांनी विचारलं, "नाक कुठे आहे?" चिंधी म्हणाली, "नाक कुठे आहे?" त्यांनी विचारलं, "तुझं नाव काय?" चिंधी म्हणाली, "तुझं नाव काय?" डॉक्टरांनी मतिमंद असा निकाल दिला. मग सहज म्हणून तिच्यापुढं लाकडी ठोकळे आणि खाचांची पाटी ठेवली, तर चिंधीनं तिकडं धड न बघता ठोकळे खाचांत बसवले आणि पाटी उलटी करून गरगर फिरवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी पाटी काढून घेतली. मग म्हणाले, मतिमंदच, पण जरा वेगळी.

तिसरे रायपूरचे. त्यांनी सांगितलं, हे लहानपणीच लागलेलं वेड आहे, आणि त्याचं इंग्रजी नाव सांगितलं. पुंडलिक परतीच्या गाडीत ते नाव घोकत बसला. चरोदा येईपर्यंत त्याचे तुकडे झाले, आणि उतरायच्या वेळी हातात फक्त 'स्किझो' राहिलं होतं. बाकीचं गाडीबरोबर पुढं दुर्गला गेलं.

एक ना धड, भाराभर चिंध्या. मथुराची मात्र पंचाईत झाली, कारण ती प्रत्येकाचं म्हणणं मनापासून पाळायची. बहिरी असेल म्हणून ओरडून बोलायची. मतिमंद असेल म्हणून सावकाश बोलायची. वेडी असेल म्हणून जपून बोलायची. एका दुपारी ती पोरीशी एकाच वेळी ओरडून, सावकाश आणि जपून बोलायचा प्रयत्न करत होती. पुंडलिक पाळीवरून आला आणि दारातच उभा राहिला. "तुले काय झालं?" त्यानं विचारलं. मथुराला हसू आलं नाही. ती म्हणाली, "अवो, हे तिन्ही एकाच पोरीले कसं होईन? एकाचं खरं म्हटलं तर दुसऱ्याचं खोटं होते. मले काहीच समजून नाई राहिलं."

 पुंडलिकला भट्टीचं कळायचं. भट्टीचं दार गळत असेल तर धूर दिसतो आणि माणूस फट लिंपायला चिखल घेऊन धावतो. इथं धूर कुठून निघतोय हेच सापडत नव्हतं.

मग कोणीतरी डॉ. खेडीकरांचं नाव सांगितलं. नागपूरचे, विलायतेत शिकून आलेले. महिन्यातून एकदा दुर्गला यायचे आणि एका धर्मशाळेच्या मागच्या खोलीत मनाचे आजार बघायचे. माणूस तरुण होता, आवाज मऊ, आणि चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. त्यांनी चिंधीला काहीही विचारलं नाही. ते खाली बसले, सतरंजीवर, आणि पोर आपल्या झाकणाशी काय करते ते बघत राहिले. आजवरच्या डॉक्टरांत जमिनीवर बसलेला हा पहिला.

बऱ्याच वेळानं त्यांनी मथुराकडे पाहिलं. "वस्तूंच्या जागा बदललेल्या हिला चालत नाहीत, बरोबर?"

"नाई चालत जी."

"तुमचंच वाक्य परत तुम्हालाच ऐकवते. हवं असलं की स्वतःच स्वतःला विचारते."

"दुधाचं विचारते जी."

"काही हवं असलं तर बोट दाखवत नाही. तुमचा हात धरते आणि तुमच्याच हातानं ती वस्तू घेते. हात जणू तुमचा नाही, चिमटा आहे."

मथुरा आ वासून बघत राहिली. हे तर तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. हा माणूस जणू त्यांच्या घरात राहून गेला होता.

डॉक्टर म्हणाले, "ही बहिरी नाही. मतिमंद म्हणावं तशीही नाही. वेडही नाही ते, वेडात जे असतं ते हिच्यात मला दिसत नाही. या तिन्हींत हिच्यातलं थोडं थोडं सापडतं, म्हणून सगळे फसतात. याला ऑटिझम म्हणतात. पोर आपल्यातच मिटून गेली आहे."

ऑटिझम. पुंडलिकनं तो शब्द एकदा तोंडात घोळवून पाहिला. हा तुटण्यासारखा नव्हता. मथुराला तर इतकं हलकं वाटलं की ती डॉक्टरांच्या पाया पडायला वाकली. पोरीला काय झालंय हे शेवटी एका माणसाला कळलं होतं.

मग डॉक्टरांनी पुंडलिकला बाहेर बसायला सांगितलं आणि कागद पुढं ओढला.

"बाई, आता तुमच्याबद्दल विचारतो. खरं तेच सांगा. ही मुलगी तुम्हाला हवी होती?"

"उकिरड्यावर सापडली जी," मथुरा म्हणाली. सहा वर्षांची सवय. तोंडातून आपोआप निघालं.

डॉक्टरांची लेखणी थांबली. "म्हणजे तुमच्या पोटची नाही?"

"पोटचीच हाय. पण उकिरड्यावर सापडली."

"बरं. हिला जवळ घेता? मांडीवर, कुशीत?"

"नाई जी."

"कधीच नाही?"

"कधीच नाई." हे सांगताना तिचा सूर थोडा अभिमानाचा होता. दुसऱ्या बायका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ढिल्या पडतात. ती पडली नव्हती.

"पापा घेता?"

"राम राम. नाई."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला आणि हळू विचारलं, "ही तुम्हाला आवडते का, बाई?"

आता मथुरा सावध झाली. हा प्रश्न डॉक्टर विचारत होता खरा, पण ऐकणारं आणखी कोणीही असू शकतं. ती मान वर करून, छपराला ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली, "काय आवडन तिच्यात? काळी, नकटी. आज गेली तरी मले काही नाई."

डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात दोघांनी मिळून या, म्हणाले.

तो महिना मथुराचा सुखात गेला. शेजारणींना ती आता ठणकावून सांगायची, आमच्या पोरीला ऑटिझम आहे. आंध्रातल्या बाईनं विचारलं, त्याला औषध काय? मथुरा म्हणाली, ते पुढच्या महिन्यात देणार आहेत. चरोद्याहून वच्छला आली तेव्हा तिलाही सांगितलं. वच्छला म्हणाली, "नाव काही का असेना. सातवं लागेस्तोर तोंड सांभाळ म्हणजे झालं."

पुढच्या महिन्यात दुर्गला गेले तेव्हा डॉक्टर फारसे हसले नाहीत. त्यांनी दोघांना समोर बसवलं. चिंधी सतरंजीवर झाकण घेऊन बसली. डॉक्टरांचं बोलणं मऊच होतं, उलट नेहमीपेक्षा जास्त मऊ. त्यांनी सांगितलं की या आजाराचा विलायतेत मोठा अभ्यास चालू आहे. तिथल्या मोठमोठ्या जाणकारांचं असं मत आहे की आईकडून ऊब मिळाली नाही, की अशी मुलं स्वतःत मिटतात. यात आईला दोष द्यायचा नसतो. काही बायकांना ते जमत नाही. पण अशा वेळी मुलाला आईपासून दूर ठेवणं हाच उपाय.

"दूर म्हणजे?" पुंडलिकनं विचारलं.

एका मोठ्या शहरात एक संस्था होती. तिथं शिकलेल्या बायका अशा मुलांना सांभाळायच्या, मांडीवर घ्यायच्या, गाणी म्हणायच्या. वर्ष, दोन वर्षं. तेवढ्या काळात आईनं भेटायला जायचं नाही. डॉक्टरांनी पत्र लिहून जागा मिळवली होती. बापाची सही हवी होती.

"बोलन का पोट्टी?" पुंडलिक म्हणाला.

"शक्यता आहे. मी खात्री देत नाही."

पुंडलिकनं आपल्या हातांकडे पाहिलं. भट्टीच्या दाराशी उभं राहून राहून त्याच्या मनगटांवरचे केस कधीच जळून गेले होते. मग त्यानं मान न वळवता मथुराला म्हटलं, "मले सही करू दे. पोट्टी बोलन तरी. आपल्यापाशी राहून काय होऊन राहिलं?"

 मथुराच्या डोक्यात एकदम इतकं आलं की कुठलं आधी धरावं कळेना. या माणसानं पोरीबद्दल सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं निघालं होतं. मग आईबद्दल सांगितलेलं खोटं कसं असेल? ऊब दिली नाही हे तर खरंच होतं. जीव वाचावा म्हणून दिली नाही, आणि न दिल्यामुळे पोर अशी झाली? म्हणजे सटवाईपासून लपवता लपवता तिनंच पोरीला खाल्लं? आणि आता काय करायचं? गप्प बसलं तर पोर जाईल, पण जिवंत राहील, कुठंतरी परक्या बाईच्या मांडीवर. खरं सांगितलं तर पोर घरी राहील. पण सहावं वर्ष चालू होतं. थोरली याच वर्षात गेली होती. तिच्या अंगाचा तो ताप मथुराच्या तळहाताला अजून आठवत होता.

पुंडलिकनं टाक उचलला.

"नको," मथुरा म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. 

"डॉक्टरसाहेब, मी खोटं बोलली. माही हाय ते. उकिरड्यावर नाई सापडली. माह्या पोटातून आली, तीन दिवस कळा देऊन आली, आणि येताच मले असं वाटलं का हिच्यासारखी पोर कोणाले झाली नसन. सुंदर हाय. केवढी सुंदर हाय, पाहा ना तुमी. मी रोज..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. टाक जमिनीवर पडला होता आणि पुंडलिकचा तो भला थोरला हात तिच्या तोंडावर होता. 

"चूप," तो म्हणाला. "चूप राय. खाऊन टाकशीन पोरीले." त्यानं वर छपराकडे पाहिलं, मग चिंधीकडे पाहून तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि जोरानं म्हणाला, "काही सुंदर-बिंदर नाई. काळी हाय. कोणाच्या कामाची नाई." हे म्हणताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

डॉ. खेडीकर उभे राहिले होते. त्यांना काय चाललंय ते कळेना. तिघांत आता गोंधळलेले तेच सर्वांत जास्त होते. त्यांनी विचारलं, आणि पुंडलिकनं तोंड फिरवून तुटक तुटक सांगितलं. दोन लेकरं. उकिरडा. सूप. सातवं वर्ष. आता सुटलंच आहे तर लपवून काय करायचं.

डॉक्टर खाली बसले. त्यांनी मागच्या महिन्याचा कागद काढून वाचला, सावकाश, पहिल्यापासून. मग मथुराकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, हा माणूस आता आपल्याला रागावणार.

"मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी पण नागपूरचाच आहे, मला माहीत असायला हवं होतं."

"म्हणजे माह्यानं नाई झालं जी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसत बसले. "पोरीबद्दल मी जे सांगितलं ते बरोबर आहे, असं अजून वाटतं. तुमच्याबद्दल जे लिहिलं ते चुकलं. पण मग ही अशी का, ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे माह्यानं झालं का नाई?"

"मला माहीत नाही, बाई. पुस्तकात आहे तेवढंच मला माहीत आहे." त्यांनी सहीचा कागद ओढून घेतला आणि बाजूला ठेवला. "घरी न्या हिला. पुढच्या महिन्यात घेऊन या. मला अजून बघायचं आहे."

 परतीच्या गाडीत चिंधी खिडकीपाशी बसून पळणाऱ्या खांबांकडे बघत होती. पुंडलिक मधूनच तिच्या कपाळाला हात लावून पाहायचा. भिलाईला उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "वच्छलाअक्काले सांगू नको." मग जेवला आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला.

घरात मथुरा आणि चिंधी राहिल्या. ऊन कलायला लागलं होतं. पोरीला ताप नव्हता. मथुरानं तीनदा पाहिलं. मग तिच्या मनात दुसराच विचार आला. नियम तर मोडला. जे व्हायचं ते एका शब्दानंही होईल आणि शंभर शब्दांनीही होईल. मग आता कशाला थांबायचं? आणि डॉक्टर चुकला म्हणाला खरा, पण तो म्हणाला, माहीत नाही. म्हणजे उबेनं पोर उमलत असेलही. कोणी सांगावं? आज पोटाशी धरली आणि आजच तिनं मान वर करून पाहिलं तर?

ती चिंधीजवळ जाऊन बसली. सहा वर्षांत या अंतरावर ती कामाशिवाय कधी बसली नव्हती. पोरीच्या मानेला दुधाचा आणि धुळीचा वास येत होता. मथुरानं दोन्ही हात पुढं केले, तिला उचलून मांडीवर घेतलं आणि छातीशी धरलं.

चिंधी लाकडासारखी ताठ झाली. मथुरानं तिच्या केसांवर ओठ टेकले. चिंधीनं मान मागे टाकली, हात मध्ये घातले, आणि आईच्या छातीवर तळवे टेकून तिला दूर लोटलं, पुन्हा पुन्हा. ती रागावली नव्हती. घोंगडी टोचली की अंगावरून काढून टाकतात, तसं ती आईला काढून टाकत होती. मथुरानं आणखी घट्ट धरलं. तेव्हा पोर कळवळली आणि मथुराच्याच आवाजात म्हणाली, "चिंधे, दूध घेतं का व? चिंधे, दूध घेतं का व?" तिला दूध नको होतं. तिच्यापाशी शब्द तेवढेच होते.

मथुरानं हात सोडले. चिंधी घसरून खाली उतरली, चवड्यांवर चालत कोपऱ्यात गेली आणि झाकणं मांडायला लागली. लगेच शांत झाली.

मथुरा तिथंच बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि त्यातच मधे एक वेडगळ हसूही येत होतं. जे द्यायला मिळत नाही म्हणून ती नळ सोडून उभी राहायची, ते या पोरीला नकोच होतं. पहिल्या दिवसापासून पोटाशी धरली असती तरी पोर अशीच ताठ झाली असती, अशीच उतरून गेली असती. मग तिच्यामुळे झालं नव्हतं. हे कळलं तेव्हा मथुराच्या छातीवरचा केवढा धोंडा उतरला, आणि त्याच वेळी तिथं इतकं रिकामं झालं की धोंडा बरा होता असं वाटलं. मग पोरीला झालं तरी काय? कोणालाच माहीत नव्हतं. तिला तर नव्हतंच.

शेजारच्या अंगणात आंध्रातली बाई कपडे काढत होती. समोर सरदारजी खाटेवर बसले होते. दारं सगळ्यांची उघडी होती.

मथुरा उठली नाही, पुढंही सरकली नाही. पोरीपासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून ती बोलायला लागली. "चिंधे," ती म्हणाली, "तू झाली ना, तवा तुह्या डोक्यावर केस केवढे होते. तुह्या आत्यानं नेलं तुले उकिरड्यावर, तर माह्या पोटात कसं झालं मी तुले सांगू. तुहे पाय किती लहान होते. मी पाहत होती, चोरून पाहत होती." हळू बोलायचं तिच्या लक्षातच आलं नाही. पहिल्या दातापासून सुरुवात करून ती पहिल्या पावलावर आली, पावलावरून पहिल्या शब्दावर, जे जे सहा वर्षांत गिळलं होतं ते एकेक करून. शेजारणीनं कपडे काढायचे थांबवून कुंपणावरून पाहिलं. एरवी दोघींचं मोडक्या हिंदीत चालायचं, ही मराठी तिला कळत नव्हती, पण ती तिथंच उभी राहिली.

चिंधीनं एक झाकण फिरवलं, ते थांबलं, मग दुसरं घेतलं. तिनं एकदाही मान वळवली नाही. मथुरा सांगत राहिली.